कानाला बसलेले दडे : मुलांचा मध्यकर्ण आणि अ‍ॅलर्जी

कानाला दडा बसणे हा मराठीतला नेहमीचा अनुभव आहे. तो घाट चढताना बसतो, विहिरीत खोल बुडी मारल्यावर बसतो, सर्दीत तर हमखास बसतो. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की सुटतो. मोठ्या माणसाला दडा बसल्याचे लगेच कळते, कारण घटकाभरापूर्वी आपल्याला कसे ऐकू येत होते हे त्याला ठाऊक असते. तीन-चार वर्षांच्या मुलाजवळ अशी तुलना नसते. त्याच्या कानाला बसलेला दडा आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने सुटत नाही, आणि तरीही ते तक्रार करीत नाही. जग असेच हळू आवाजात बोलते, अशी त्याची समजूत झालेली असते. घरातली माणसे म्हणतात, पोर हट्टी झाले आहे. हाक मारली तरी ‘ओ’ देत नाही, पण बिस्किटाच्या पुड्याचा आवाज बरोबर ऐकते. शाळेत शिक्षक म्हणतात, लक्ष नसते. या दोन्ही अभिप्रायांच्या मागे पुष्कळदा कानाच्या पडद्याआड साचलेले चमचाभरही नसलेले पाणी असते.

वैद्यकशास्त्रात या विकाराला मध्यकर्णातील स्रावसंचय म्हणतात. इंग्लंडमधील सामान्य लोकांनी त्याला ‘ग्लू इअर’, म्हणजे डिंकाचा कान, असे अधिक समर्पक नाव दिले आहे. कारण हे पाणी दिवस जातील तसे दाट होत जाते आणि अखेर कालच्या खळीसारखे चिकट बनते. आपल्याकडे कानाच्या दुखण्याची ओळख दोन प्रकारांनी आहे : कान ठणकणे आणि कान वाहणे. पहिल्यात मूल रात्रभर रडते, दुसऱ्यात उशी खराब होते. दोन्हींत घरादाराला जाग येते. हा तिसरा प्रकार मात्र मुका आहे. त्यात ताप नाही, ठणका नाही, पू नाही. पडदा शाबूत असतो. फक्त त्याच्या मागे जिथे हवा असायची तिथे द्रव असतो, आणि त्यामुळे हातोडी, ऐरण व रिकीब या तीन इवल्या हाडांची साखळी नीट हलत नाही. श्रवणात सरासरीने पंचवीस डेसिबलच्या आसपास घट येते. आकडा लहान वाटतो. परंतु कुजबुज साधारण तीस डेसिबलची असते हे लक्षात घेतले, तर मुलाच्या वाट्याचे काय काय हरवते याचा अंदाज येईल. शब्दाच्या शेवटी येणारे ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ हे हलके उच्चार आधी जातात. ‘बस’ आणि ‘बघ’ यांतला फरक मग ओठांकडे पाहून ओळखावा लागतो.

हा विकार दुर्मिळ नाही. शाळेत जाण्याच्या वयापूर्वी दहांपैकी सुमारे नऊ मुलांना तो निदान एकदा तरी होऊन जातो, असे पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांवरून मानले जाते. बहुतेकांचे पाणी दोन-तीन महिन्यांत आपोआप आटते, आणि झाले होते हेही कुणाला कळत नाही. प्रश्न उरतो तो न आटणाऱ्यांचा. दोन्ही कानांत तीन महिन्यांहून अधिक काळ पाणी टिकले, तर पुढील सहा महिने ते वर्षभरात ते स्वतःहून जाण्याचा संभव सुमारे तीस टक्केच राहतो. याच मुलांच्या बाबतीत गेली नव्वद-शंभर वर्षे एक संशय पुन्हापुन्हा व्यक्त होत आला आहे : या दुखण्याचे मूळ अ‍ॅलर्जीत तर नाही?

संशयाकडे वळण्यापूर्वी ज्या जागी हे सारे घडते तिची माहिती हवी. नाकाच्या मागच्या पोकळीतून मध्यकर्णाकडे एक अरुंद नळी जाते. सोळाव्या शतकातील इटालियन शारीरविद बार्तोलोमेओ युस्टाकी याच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात; मराठीत कर्णनलिका म्हटले तरी चालते. ही नळी एरवी मिटलेली असते. गिळताना टाळूचा एक स्नायू ती क्षणभर उघडतो, नाकामागची हवा मध्यकर्णात शिरते आणि पडद्याच्या दोन्ही अंगांचा दाब सारखा होतो. नळीचे काम एवढ्यावर संपत नाही. मध्यकर्णातला ओलावा ती नाकाकडे वाहून नेते आणि नाकातले जंतू वर चढू देत नाही. वायुवीजन, निचरा आणि राखण ही तिन्ही कामे तिच्याकडे आहेत. मोठ्या माणसात ती सुमारे छत्तीस मिलिमीटर लांब आणि पंचेचाळीस अंशांनी तिरपी असते. तान्ह्या मुलात तिची लांबी जेमतेम निम्मी आणि तिरपेपणा दहा अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आडवी. उतार नसलेल्या गटारात पाणी तुंबते, हे कोणाही गृहस्थाला सांगायला नको. सात वर्षांच्या सुमारास नळी पुरेशी लांब व उतरती होते, आणि म्हणूनच हा विकार मूल मोठे झाले की बहुधा मागे पडतो.

नळी बंद राहिली तर काय होते? मध्यकर्णातली हवा आतल्या नाजूक अस्तरात शोषली जाते, नवी हवा येत नाही, आत पोकळी निर्माण होते, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातून पाणी पाझरू लागते. व्हिएन्नाचे विख्यात कर्णतज्ज्ञ आडाम पोलिट्झर यांनी एकोणिसाव्या शतकात ही उपपत्ती मांडली. १८६३ मध्ये त्यांनी उपायही सांगितला : रोग्याने पाण्याचा घोट घ्यावा, आणि तो गिळत असतानाच वैद्याने रबरी फुग्याने त्याच्या नाकात हवा दाबावी. आज असे कळते की केवळ पोकळी एवढेच कारण पुरत नाही. अस्तराला सूज येऊन श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी वाढतात, आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात अशा मुलांच्या मध्यकर्णाच्या अस्तरावर जंतूंचे चिवट थर आढळले. पाण्याची तपासणी केली की जंतू वाढत नाहीत, म्हणून पूर्वी ते निर्जंतुक समजत. जंतू पाण्यात तरंगत नव्हते, ते भिंतीला शेवाळासारखे धरून बसले होते. तरीसुद्धा पोलिट्झरांची मूळ कल्पना टाकाऊ झालेली नाही. नळी बिघडते, मग कान बिघडतो, हा क्रम बहुतांशी मान्य आहे.

आता अ‍ॅलर्जी. हा शब्दही व्हिएन्नातच जन्मला. क्लेमेन्स फोन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ मध्ये तो बनवला. बाहेरच्या द्रव्याशी एकदा गाठ पडल्यावर शरीराची त्याला प्रतिसाद देण्याची रीत बदलते, एवढाच त्याचा मूळ अर्थ होता. मराठीत यासाठी ‘वावडे’ हा सुरेख शब्द पूर्वीपासून आहे. अमक्याला वांग्याचे वावडे, तमक्याला वाताचे औषध सोसत नाही, असे लोक म्हणतच आले आहेत. मात्र वावडे हा शब्द नावडीपासून अपचनापर्यंत सर्वांना पुरतो; वैद्यकातील अ‍ॅलर्जीचा अर्थ नेमका आहे. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेन्निक यांनी परस्परांहून स्वतंत्रपणे रक्तातील एक नवे प्रतिपिंड शोधून काढले. १९६८ मध्ये त्याचे नाव इम्युनोग्लोब्युलिन ई असे ठरले. धुळीतील सूक्ष्म किडा, परागकण, बुरशी, झुरळांचे अवशेष असे मुळात निरुपद्रवी पदार्थ काही जणांच्या नाकात गेले की हे प्रतिपिंड त्यांना शत्रू समजते. हिस्टामिनसारखी द्रव्ये मोकळी होतात. शिंका, खाज, पाणी आणि सूज हे त्याचे परिणाम. अशी मुले दुरूनही ओळखू येतात. नाक वरच्या दिशेने तळहाताने पुसण्याची त्यांना सवय असते, जणू कोणाला सलामच करीत आहेत. त्यामुळे नाकाच्या शेंड्याच्या वर एक आडवी रेघ उमटते. डोळ्यांखाली काळसर छाया असते, तोंड उघडे असते, सकाळी उठताच शिंकांची माळ लागते.

आता नाक आणि कान यांच्यामधली नळी डोळ्यांसमोर आणली, तर संशय का आला हे वेगळे सांगावे लागत नाही. नाकाचे अस्तर, नळीचे अस्तर आणि मध्यकर्णाचे अस्तर एकच सलग वस्त्र आहे. नाकाला सूज आली तर नळीचे तोंड आवळले जाईल, हा तर्क सरळ आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील संशोधकांनी तो तपासून पाहिला. अ‍ॅलर्जीची सर्दी असलेल्या स्वयंसेवकांच्या नाकात त्यांना न सोसणारे परागकण सोडले आणि कर्णनलिकेची उघडझाप मोजली. नळी खरोखरच आवळली. तर्काचा पहिला दुवा प्रयोगाने पक्का झाला. मात्र नळी आवळली म्हणून कानात पाणी भरले, असे या प्रयोगांत सिद्ध झाले नाही, आणि ही गोष्ट पुढच्या उत्साहात अनेकदा विसरली गेली.

दुसरा पुरावा पाण्यातच शोधला गेला. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अ‍ॅलर्जीच्या सुजेत गर्दी करतात. १९९० च्या दशकात काही संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या वेळी कानातून काढलेल्या द्रवात या पेशींनी सोडलेले प्रथिन मोजले, आणि अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांत ते लक्षणीय प्रमाणात आढळल्याचे नोंदवले. २००४ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथील अभ्यासात आणखी एक पाऊल पुढे टाकले गेले : अ‍ॅलर्जीप्रवण मुलांच्या नाकामागच्या भागात जी दाहाची लक्षणे होती, तीच त्यांच्या मध्यकर्णातील द्रवातही होती. याचा अर्थ मध्यकर्ण हा केवळ नाकाचा शेजारी नसून त्याच घरातली एक खोली आहे; घराला आग लागली तर तिलाही धग बसते. या अभ्यासातील मुले मोजकी होती आणि त्यांतही अ‍ॅलर्जीप्रवण मुले थोडी. तरी त्याचे महत्त्व नाकारता येत नाही.

तिसरा पुरावा गणतीचा, आणि तोच सर्वांत डळमळीत. कानात पाणी असलेल्या मुलांपैकी किती जणांना अ‍ॅलर्जी असते, याची उत्तरे निरनिराळ्या अभ्यासांत दहा टक्क्यांपेक्षा कमीपासून ऐंशी टक्क्यांपेक्षा अधिकपर्यंत आलेली आहेत. एकाच प्रश्नाला इतकी भिन्न उत्तरे येतात तेव्हा उत्तराऐवजी प्रश्न विचारण्याची जागा तपासावी. ग्रंथालयाच्या दारात उभे राहून गावातले किती लोक वाचतात याची गणती केली, तर गाव मोठे विद्वान ठरेल. अ‍ॅलर्जीतज्ज्ञाच्या दवाखान्यात मोजलेली मुले आणि शाळेत सरसकट तपासलेली मुले यांत हाच भेद आहे. शिवाय कोणी त्वचेवर टोचून चाचणी घेतो, कोणी रक्तातील प्रतिपिंड मोजतो, कोणी आईला नुसते विचारतो. टोचलेल्या जागी गांधी उठली म्हणजे शरीर त्या द्रव्याला ओळखते एवढेच ठरते. आजार त्यानेच झाला हे ठरत नाही.

विरुद्ध बाजूचे पुरावेही वजनदार आहेत. कानातील पाण्याचे प्रमाण एक ते तीन वर्षांच्या मुलांत सर्वाधिक असते, आणि हवेतून येणाऱ्या द्रव्यांची अ‍ॅलर्जी त्या वयात अजून पुरती रुजलेलीही नसते. ती वाढते शाळेच्या वयात, म्हणजे नेमकी कान सुधारू लागण्याच्या वेळी. हा विकार थंडीच्या दिवसांत, सर्दी-पडशाच्या साथींबरोबर वाढतो, परागकणांच्या हंगामाबरोबर नव्हे. पाळणाघरात जाणाऱ्या, भावंडांची गर्दी असलेल्या, घरात विडी-सिगारेटचा धूर सोसणाऱ्या मुलांत तो अधिक असतो. दुभंगलेली टाळू असणाऱ्या मुलांत तर तो जवळजवळ ठरलेला, कारण नळी उघडणारा स्नायूच तिथे नीट बसलेला नसतो. या सर्व कारणांत अ‍ॅलर्जीचे नाव कुठेच नाही. आपल्याकडील आणखी एक कारण जुन्या पिढीला ओळखीचे आहे : मुलाला मांडीवर पूर्ण आडवे करून बोंडल्याने किंवा बाटलीने दूध पाजणे. आडव्या नळीत दूध उलटे चढण्याची वाट त्यामुळे सोपी होते. अंगावर पिणाऱ्या मुलांत कानाचे विकार कमी आढळतात, ही गोष्ट मात्र अनेक अभ्यासांनी दाखवली आहे.

या वादाचा निकाल औषधांनी लागेल अशी आशा होती. अ‍ॅलर्जी हे मूळ असेल, तर अ‍ॅलर्जीच्या औषधांनी कान बरा व्हायला हवा. हिस्टामिनविरोधी व नाक मोकळे करणारी औषधे अनेक चाचण्यांत वापरली गेली. त्या सर्वांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेने त्यांचा कानातील पाण्यावर उपयोग नाही, उलट सुस्तीसारखे दुष्परिणाम आहेत, असा निर्वाळा दिला. नाकात मारण्याचा स्टेरॉइडचा फवारा इंग्लंडमध्ये चार ते अकरा वर्षांच्या २१७ मुलांवर पारखला गेला. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि औषधाचा फवारा व औषधाविना फवारा यांत फरक आढळला नाही. पोटातून आठवडाभर स्टेरॉइड देण्याची ब्रिटनमधील मोठी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दोन ते आठ वर्षांची ३८९ मुले होती. पाच आठवड्यांनी औषध घेतलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांचे श्रवण समाधानकारक होते, न घेतलेल्यांपैकी तेहतीस टक्क्यांचे; हा फरक योगायोगापलीकडचा ठरला नाही. त्याआधीच अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूत्रांत कानातील पाण्यासाठी ही औषधे देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले. प्रतिजैविकेही त्या यादीत आहेत.

इथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. या चाचण्यांत कानात पाणी असलेली सर्व मुले घेतली होती. अ‍ॅलर्जी असलेली तेवढी निवडून घेतली नव्हती. शंभरांतल्या थोड्या मुलांना औषधाचा खरा लाभ झाला असेल, तर तो उरलेल्यांच्या गर्दीत बुडून जाणे शक्य आहे. म्हणून ‘अ‍ॅलर्जीचा कानाशी संबंध नाही’ असे या चाचण्या सांगत नाहीत. त्या एवढेच सांगतात की कानात पाणी दिसले म्हणून कोणत्याही मुलाला अ‍ॅलर्जीचे औषध देणे व्यर्थ आहे. आपल्याकडे नेमके तेच सर्रास घडते. झोप आणणारे सर्दीचे औषध, वर प्रतिजैविकाची बाटली, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दोन्ही. आईबापांना काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि मूल वर्गात पेंगते.

अन्नाच्या वावड्याची कथा याहून बोधप्रद आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास गाजला. वारंवार कानात पाणी होणाऱ्या १०४ मुलांपैकी ८१ जणांना कुठल्या ना कुठल्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असल्याचे त्यात म्हटले होते. तो पदार्थ बंद केल्यावर ७० मुले सुधारली, आणि पुन्हा सुरू केल्यावर त्यांपैकी ६६ जणांचा त्रास उलटला. आकडे डोळे दिपवणारे आहेत. उणीव एकच : पथ्य न पाळणाऱ्या मुलांचा तुलनेसाठी गट नव्हता. जो विकार पुष्कळदा आपोआप ओसरतो, त्याच्या बाबतीत ही उणीव क्षुल्लक नाही. तथापि दूध बंद केले की कान बरा होतो, ही समजूत तेव्हापासून दूरवर पसरली. दूध, दही, ताक, तूप यांवरच ज्या शाकाहारी घरातील मुलाचे पोषण चालते तिथे अशा सल्ल्याची किंमत फार मोठी आहे. दुधाची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला पुरळ, उलट्या, शौचातून रक्त, दम अशी इतर लक्षणे बहुधा असतात. ती नसताना नुसत्या कानासाठी दूध तोडण्याला आधार नाही. केळे, दही, पेरू यांनी कफ होतो म्हणून ते वर्षभर वर्ज्य करणाऱ्या आज्यांनाही हेच सांगावे लागेल, अर्थात त्यांचा मान राखून. रक्ताच्या एका नमुन्यावर शे-दीडशे पदार्थांची यादी छापून देणाऱ्या चाचण्या हल्ली शहरोशहरी होतात. त्या यादीने घाबरून मुलाचे ताट रिकामे करणाऱ्या आईबापांची संख्या वाढत आहे, आणि ही सुधारणा म्हणता येणार नाही.

मग अ‍ॅलर्जीचे स्थान कोणते? आजवरच्या पुराव्यांचा तोल पाहता ती मुख्य आरोपी दिसत नाही; काही मुलांच्या बाबतीत ती साथीदार आहे. लहानपणची आडवी नळी, लागोपाठच्या सर्द्या, नाकामागे वाढलेली अ‍ॅडेनॉइडची गाठ या तिघांनी मिळून कान बुडवलेला असतो. अ‍ॅलर्जी असेल तर ती पाणी ओसरू देत नाही. चार-पाच वर्षांच्या पुढचे मूल, वर्षभर वाहणारे नाक, घरात दमा किंवा इसबाचा इतिहास आणि वयानुसार सुटायला हवा असलेला दडा सुटत नाही, असे चित्र असेल तर तिचा शोध जरूर घ्यावा. गोवा-कोकणच्या दमट हवेत गाद्या, उशा आणि जुन्या कपड्यांच्या पेटाऱ्यात धुळीतील किडा वर्षातले बहुतेक महिने सुखाने नांदतो. देशावर गाजर गवताचा उपद्रव आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याच्या परागांनी अनेकांची नाके वाहतात. गाद्यांना उन्हे दाखवणे, उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुणे, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे हे उपाय साधे आहेत. चुलीचा, उदबत्तीचा आणि डासांच्या अगरबत्तीचा धूर ही अ‍ॅलर्जी नव्हे. तो अस्तराला सरळ चुरचुरवतो. मुलाच्या नाकाला मात्र तो भेद कळत नाही. नाकाची अ‍ॅलर्जी सिद्ध झाली तर तिचा उपचार नाकासाठी करावा : झोप सुधारते, तोंडाने श्वास घेणे थांबते, दम्यावर ताबा येतो. कानाला लाभ झाला तर तो वरकड समजावा.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्तीत या विषयाला आणखी एक बाजू आहे. बेळगावच्या मुलाला घरी मराठी, अंगणात कन्नड आणि शाळेत इंग्रजी. बडोद्याच्या मुलाला गुजराती. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला हिंदी. हैदराबादेत तेलुगू आणि दख्खनी यांची भर. निरोगी मूल या भाषा हसतखेळत उचलते, आणि ही या वस्त्यांची पिढीजात श्रीमंती आहे. परंतु मातृभाषेत अर्धवट ऐकू आलेला शब्द मूल संदर्भाने भरून काढते. अनोळखी भाषेत भरून काढायला संदर्भच नसतो. गोंगाटाच्या वर्गात, पंख्याच्या घरघरीत, नवीन भाषेतला पंचवीस डेसिबलने मंद झालेला शब्द हा त्याच्यासाठी शब्द राहतच नाही. अशा मुलाविषयी शाळेचा निदानवाचक अभिप्राय ठरलेला असतो : घरी मराठी बोलता म्हणून याला शाळेची भाषा येत नाही, घरी मराठी बंद करा. कान न तपासता दिलेल्या या सल्ल्याने काही घरांतून मराठी खरोखरच गेली आहे. ज्या मुलाचा कान मंद आहे त्याची सर्वांत खात्रीची भाषा त्यामुळे काढून घेतली जाते. भाषा उशिरा येत असेल, शिकवणी व्यर्थ जात असेल, तर आधी कान तपासावेत. शाळा किंवा घरची भाषा बदलण्याचा विचार त्यानंतरचा.

तपासणी अवघड नाही. पडद्यावर हलका हवेचा दाब देऊन तो हलतो की नाही, हे जाणता डॉक्टर दुर्बिणीतून पाहतो. टिंपॅनोमेट्री नावाच्या यंत्रात कानात क्षणभर मऊ बोंडी धरली की कागदावर आलेख उमटतो. निरोगी कानाचा डोंगरासारखा, पाणी भरलेल्या कानाचा सपाट. वेदना नाही, रक्त नाही. शून्य ते अठरा वयाच्या मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झाला आणि त्यात कानाच्या विकारांचाही समावेश आहे. पण वाहणारा कान कुणालाही दिसतो, मुका कान या यंत्रावाचून निसटतो. मध्यंतरी कानात कोमट तेल, लसणीचा रस किंवा आणखी काही घालू नये. पाणी पडद्याच्या आत आहे. तेल बाहेरच राहते, आणि भाजते मात्र खरे.

पाणी सापडले तरी धावपळ नको. मूल एरवी ठीक असेल तर तीन महिने थांबून पुन्हा तपासावे. या काळात मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, समोर येऊन बोलावे, दूरदर्शन संच बंद करून बोलावे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका चाचणीत चार ते अकरा वर्षांच्या ३२० मुलांपैकी निम्म्यांना नाकपुडीने फुगा फुगवण्याचा खेळ दिला; तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांचे आलेख पूर्ववत झाले होते, इतरांत हे प्रमाण अडतीस टक्के होते. पोलिट्झरांचा रबरी फुगा दीडशे वर्षांनी मुलाच्याच हाती आला, असे म्हणता येईल. तेवढ्याने भागले नाही आणि श्रवण कमीच राहिले, तर पडद्याला बारीक छेद देऊन त्यात मण्याएवढी नळी बसवतात. ग्रॉमेट म्हणून ओळखली जाणारी ही युक्ती अमेरिकेतील आर्मस्ट्राँग यांनी १९५४ मध्ये आधुनिक स्वरूपात रूढ केली. चार वर्षांपुढील मुलात गरजेनुसार अ‍ॅडेनॉइडची गाठही काढतात. या गाठीचे पहिले चांगले वर्णन कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी १८६८ मध्ये केले होते. कुठली शस्त्रक्रिया केव्हा करायची हे मुलाच्या श्रवणावर आणि भाषेवर ठरावे, अ‍ॅलर्जीच्या अहवालावर नव्हे.

ग्रॉमेट बसवल्या दिवशीच पुष्कळ मुले रस्त्यावरच्या आवाजांना दचकतात. पंख्याला आवाज असतो हे काहींना तेव्हा कळते. नळी सहा महिने ते दीड वर्षात पडद्याच्या वाढीबरोबर आपोआप बाहेर सरकते. मळात अडकून ती एखाद्या सकाळी उशीवर पडलेली असते, आणि बहुधा केराबरोबर झाडली जाते. नाकाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचे नाक तोवर वाहतच असते, म्हणून त्याचा कान आणखी दोन-तीन हिवाळे तपासत राहावा लागतो.